मातीतला जिवाणू आणि बोंडातली अळी

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘बीटी’, हा मातीत, कोठारातील धुळीत, झाडांच्या पानांवर आणि मेलेल्या किडींत सापडणारा जिवाणू आहे. अन्न संपत आले की तो बीजाणू तयार करतो आणि सोबत प्रथिनांचा एक स्फटिकही घडवतो. ही प्रथिने ठरावीक किडींनाच मारतात. शेतीला आणि आरोग्य खात्यांना त्यांचा जो उपयोग झाला, त्याचे मूळ याच नेमकेपणात आहे.

जपानचे शिगेताने इशिवाता यांनी १९०१ मध्ये अचानक मरणाऱ्या रेशीमकिड्यांतून हा जिवाणू वेगळा केला. पुढे जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तो थुरिंजिया प्रांतातील पिठाच्या पतंगाच्या अळीत मिळाला. त्या प्रांतावरूनच १९१५ मध्ये त्याचे नामकरण झाले. फ्रान्समध्ये १९३८ मध्ये त्याचे पहिले व्यापारी कीटकनाशक बाजारात आले. मात्र विष बीजाणूत नसून स्फटिकात आहे, हे १९५०च्या दशकात कॅनडातील हॅने आणि अँगस यांच्या संशोधनातून उलगडले.

स्फटिकातील ‘क्राय’ प्रथिन मुळात निष्क्रिय असते. अळीने ते पानाबरोबर खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो. पाचक विकरे प्रथिनाचा काही भाग छाटतात आणि ते कार्यक्षम होते. मग ते आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटते. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसा हा मेळ असतो. चिकटलेले रेणू एकत्र येऊन पेशीच्या पटलाला छिद्रे पाडतात, पेशी फुगून फुटतात आणि अळीचे खाणे थांबते. दोन-तीन दिवसांत ती मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि त्याच्या आतड्यात हे ग्राहक नसतात; त्यामुळे तेथे ही क्रिया घडत नाही.

जिवाणूच्या प्रकारानुसार लक्ष्यही बदलते. ‘कुर्स्ताकी’ उपप्रकार पतंगवर्गातील अळ्यांवर चालतो. ‘क्राय३’ गटातील प्रथिने भुंगेऱ्यांवर परिणाम करतात. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात १९७६ मध्ये सापडलेला ‘इस्रायलेन्सिस’ उपप्रकार डासांच्या आणि काळ्या माशीच्या अळ्यांना मारतो. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या गावकऱ्यांना अंधत्व आणणाऱ्या आणि काळ्या माशीमार्फत पसरणाऱ्या रोगाविरुद्धच्या मोहिमेत तो १९८०च्या दशकापासून वापरला गेला. त्याच्या स्फटिकात अनेक वेगवेगळी प्रथिने असल्याने कीड त्याला सहजी सरावत नाही.

फवारलेल्या बीटीची मर्यादा म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशात ते काही दिवसांतच निकामी होते, आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून झाडानेच हे प्रथिन तयार करावे यासाठी संशोधक जनुकाकडे वळले. अमेरिकेत श्नेफ आणि व्हाइटली यांनी १९८१ मध्ये क्राय प्रथिनाचे जनुक वेगळे केले. बेल्जियममधील संशोधकांनी ते तंबाखूच्या झाडात बसवल्याचे १९८७ मध्ये जाहीर झाले. १९९६ मध्ये अमेरिकेत बीटी कापसाची व्यापारी लागवड सुरू झाली.

भारतात जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी कापूस वाणांना मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांत ‘क्राय१एसी’ हे एकच प्रथिन होते. २००६ मध्ये ‘क्राय२एबी’ची जोड असलेले दोन जनुकांचे वाण आले. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकन बोंडअळीसाठीच्या फवारण्या खूप कमी झाल्या आणि पुढे देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर मात्र या प्रथिनांचा उपयोग नाही; त्यांच्यासाठी फवारणी चालूच राहिली.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी ठरली. गुजरातमधील अमरेली भागात २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्यांत क्राय१एसीला प्रतिकार आढळला. पुढे दुसरे प्रथिनही निष्प्रभ होऊ लागले आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात या अळीने मोठे नुकसान केले. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटोवरही जगते. गुलाबी अळीची भिस्त मुख्यतः कपाशीवर असते. त्यामुळे तिच्या जवळपास प्रत्येक पिढीला बीटीलाच तोंड द्यावे लागते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही राखलेली कपाशी, तिला आणखी पिढ्या वाढवू देते. भारतातील बहुतेक बीटी वाण संकरित आहेत. त्यांच्या बोंडातील साधारण चारपैकी एका सरकीत एखादे ठरावीक बीटी जनुक उतरतच नाही. अशा मिश्र बोंडात प्रतिकाराकडे झुकलेल्या अळ्या तगून राहतात.

यावरचा उपाय शास्त्राला आधीपासून ठाऊक होता. बीटीच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी, म्हणजे आश्रय पीक, लावायचे. तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुगतात आणि त्यांची बहुतेक संतती बीटीवर मरते. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी याचसाठी दिले जाई, पण फार थोड्या शेतांत ते पेरले गेले. अमेरिकेत आश्रय पिकाचा नियम पाळला गेला आणि २००६ पासून वंध्य पतंगही सोडले गेले. २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

प्रथिन तेच, कीडही तीच. फरक वापराच्या शिस्तीचा होता. महाराष्ट्रात ही शिस्त आजही पाळता येईल. पावसाआधीची धूळपेरणी टाळावी, कमी कालावधीचे वाण निवडावे, आश्रय ओळी लावाव्यात, कामगंध सापळे बांधावेत, डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेल्या कळ्या, वेचून नष्ट कराव्यात आणि डिसेंबरअखेर पऱ्हाट्या शेताबाहेर काढाव्यात. ही कामे एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही. संपूर्ण गावाने ती एकाच वेळी हाती घ्यायला हवीत.