लोहाराने आवरलेला आकडा

अंगणात पडलेला जाडजूड ओंडका पहारीने हलवून पाहिला असेल, तर त्याचा हट्टीपणा ठाऊक असतो. जोर लावला की तो बोटभर उचलला जातो. हात सैल पडताच पुन्हा आपल्या खळग्यात जाऊन बसतो. पहार रेटते, पण पकडत नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मेन राज्यातले लाकूडतोडे हाच झगडा वाहत्या पाण्यावर उभं राहून करत. हिवाळ्यात तोडलेले ओंडके बैल-घोडे बर्फावरून ओढत नदीकाठी आणत. बर्फ वितळून पाणी चढलं की ते पेनॉब्स्कॉट नदीत लोटायचे आणि प्रवाहाबरोबर बँगोरच्या परिसरातल्या गिरण्यांपर्यंत न्यायचे. वाटेत एखादा खडकाला अडला की मागचे त्याच्यावर चढत आणि नदी तुंबे. मग खिळे ठोकलेले बूट घालून गडी त्या ढिगावर चढत आणि नेमका कुठला ओंडका अडून बसलाय ते हेरून त्याला सोडवत.

त्यासाठी दांड्याला अडकवलेला लोखंडी आकडा वापरात होताच. पण त्याची कडी सैल असल्यामुळे तो चहूकडे झुले. पायाखालचा ओंडका फिरत असताना असा आकडा नेमक्या जागी बसवणं म्हणजे कसरतच.

१८५८च्या सुमारास स्टिलवॉटर गावच्या जोसेफ पीव्ही या लोहाराने त्यावर तोड काढली. पुलावरून गड्यांची ही धडपड पाहताना त्याला ती सुचली, असं सांगतात. त्याने दांड्याला घट्ट लोखंडी पट्टा बसवला आणि आकडा त्यात असा जोडला, की तो फक्त वर-खाली हलावा, बाजूला झुलू नये. दांड्याच्या टोकाला अणकुचीदार खिळाही दिला.

आता आकडा ओंडक्यावर टाकून चार-पाच फुटी दांडा रेटला की तरफेचं काम सुरू होतं. गंमत अशी, की जितका जोर लावावा तितका आकडा लाकडात रुततो आणि दांडा उलटा फिरवला की पकड सुटते. ओंडके अचानक सुटून धावू लागले, तर हे पटकन सुटणं जीव वाचवणारं ठरे. टोकाचा खिळा ओंडक्यांच्या फटीत खुपसून पहारीसारखाही वापरता येई. गिरणीत खिळ्याची गरज नसते. तिथे बोथट टोकाचा भाऊबंद चालतो.

मेनमधली नदीवरची ओंडक्यांची वाहतूक १९७६ साली कायद्याने थांबली. बुडालेली साल आणि लाकूड पाण्यात कुजे, शिवाय नदी इतरांना वापरताच येत नसे. आज ओंडके ट्रकने जातात. पण यंत्र पोचत नाही अशा जागी एकट्या माणसाला ओंडका उलटवायचा असला, तर तो अजूनही हाच दांडा उचलतो. इंग्रजीत त्याला नुसतं ‘पीव्ही’ म्हणतात. हे एका लोहाराचं आडनाव होतं, याची आठवण तो वापरणाऱ्यालाही क्वचितच असते.