लघुउद्योगांतील तंत्रज्ञानाचे प्रश्न आणि विद्यार्थ्यांचे सांघिक प्रकल्प : वसई परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये निश्चित केलेल्या अभ्यासक्रम-आराखड्यात क्षेत्र प्रकल्प व ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक देण्यात आले. त्यामुळे विद्यार्थ्यांचे गट स्थानिक उद्योजकांच्या दारी जाणे हा आता अध्यापनाचाच भाग झाला आहे. ‘छोट्या व्यवसायातील तंत्रज्ञानविषयक समस्या’ हा अशा प्रकल्पांचा आवडता विषय होय. मात्र प्रश्नावली भरून घेणे, टक्केवारी काढणे आणि ‘उद्योजकाने आधुनिक तंत्रज्ञान स्वीकारावे’ अशी शिफारस करणे एवढ्यावरच प्रकल्प संपला, तर विद्यार्थ्यास गुण मिळतात आणि उद्योजकाचा केवळ वेळ जातो. हे टाळण्यासाठी प्रकल्पाची आखणी कशी असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वानुभव

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. प्रत्यक्ष काम करीत आणि गावाला सेवा पुरवीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. अशा शिक्षणात कामाची परीक्षा शिक्षकाइतकीच ते काम वापरणारा माणूसही घेतो. दुसरे उदाहरण एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या संस्थेचे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांच्या गटातून ती उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तिचे काम सोलर ड्रायरपाशी थांबले नाही. ग्रामीण स्त्रियांना यंत्रासोबत भांडवल व बाजारपेठ मिळवून देण्याची व्यवस्थाही तिने उभारली. या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. तंत्रज्ञानाचा प्रश्न कामाच्या साखळीतून वेगळा काढून सोडविता येत नाही.

सुकेळीचे उदाहरण

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस असलेले गास आणि भोवतालची गावे ही वसईच्या हरित पट्ट्यात मोडतात. भाजीपाला, फुले व केळी ही या पट्ट्याची ओळख. राजेळी केळ्यांपासून केली जाणारी सुकेळी हा त्यातील नावाजलेला घरगुती उद्योग. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवावयाची, ही त्याची मूळ पद्धत. येथे ‘तंत्रज्ञानाची समस्या’ कोणती? घाईने उत्तर दिल्यास ‘सोलर ड्रायर नाही’ असे म्हटले जाईल. तथापि खरी अडचण धूळ व माश्यांची, अवेळी आलेल्या पावसाची, प्रत्येक खेपेस बदलणाऱ्या ओलाव्याची, वेष्टनाची की विक्रीची, हे काम पाहिल्याशिवाय ठरत नाही.

ते ठरविण्यास महागडी साधने लागत नाहीत. समजा, सोललेल्या १० किलो केळ्यांत ७० टक्के पाणी आहे. म्हणजे घन भाग ३ किलो. वाळल्यावर ओलावा २५ टक्क्यांवर आणावयाचा असेल, तर तयार मालाचे वजन ४ किलो भरले पाहिजे. तेव्हा साध्या वजनकाट्यावर रोज वजन केले तरी वाळवणी कोठवर आली, हे कळते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने ही नोंद ठेवावी, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मजुरी व खर्चाचा हिशेब मांडावा, कला शाखेच्या विद्यार्थ्याने घरातील श्रमविभागणी व परंपरागत ज्ञान टिपावे. पहिले निष्कर्ष हाती आल्यानंतरच यंत्राचा विचार करावा.

आखणी व मूल्यमापन

यासाठी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले वेळेचे. पावसाळ्यात उन्हातील वाळवणी चालत नाही. म्हणून असा प्रकल्प पहिल्या सत्रात न देता दुसऱ्या सत्रात द्यावा. दुसरे विश्वासाचे. उद्योजकाचे हिशेब, गिऱ्हाइकांची नावे व कृती ही त्याची मालमत्ता आहे. त्याच्या संमतीविना ती अहवालात येऊ नयेत. तिसरे जोखमीचे. हंगामभराची कमाई विद्यार्थ्यांच्या सल्ल्यावर पणास लावणे अन्यायाचे ठरेल. कोणताही बदल आधी मालाच्या छोट्या भागावर करून पाहावा. चौथे श्रेयाचे. गटात एकाने राबावे व इतरांनी सही करावी, हा प्रकार सर्वपरिचित आहे. प्रत्येकाची स्वतंत्र नोंदवही आणि प्रत्येकाची तोंडी परीक्षा हाच त्यावर उपाय. शक्य तेथे या परीक्षेस उद्योजकालाही निमंत्रित करावे.

अखेरीस, अहवालाबरोबर एका पानाचे मराठी टिपण उद्योजकाच्या हाती द्यावे. ‘सध्याची पद्धतच योग्य आहे, यंत्र घेऊ नये’ असा निष्कर्ष निघाला तरी तो यशस्वी प्रकल्प मानून पूर्ण गुण द्यावेत. अन्यथा विद्यार्थी प्रत्येक व्यवसायात यंत्राची उणीव शोधू लागतील.

समारोप

उद्योजक हा प्रकल्पाचा विषय नसून सहअध्यापक आहे, ही भूमिका स्वीकारल्यास क्षेत्र प्रकल्पाचे स्वरूप पालटते. तो उद्योजक पुढील वर्षीच्या गटाला आपल्या अंगणात आनंदाने येऊ देतो का, हीच त्याच्या यशाची खरी कसोटी होय.