जुनी बॅटरी फोडू देऊ नका

ट्रॅक्टरची बॅटरी बसली की ती गोठ्याच्या कोपऱ्यात पडते आणि एक दिवस भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. चार पैसे मिळतात, जागाही मोकळी होते. पण शेतकरी बंधूंनो, पुढे तिचे काय होते?

या बॅटरीत शिसे आणि तीव्र ॲसिड असते. ती चोरून फोडणारे ॲसिड ओढ्यात ओततात, शिसे उघड्या भट्टीत वितळवतात. मातीत गेलेले शिसे वर्षानुवर्षे तिथेच राहते. लहान मुलांच्या पोटात ते गेले तर मेंदूच्या वाढीला धक्का बसतो आणि तो पुरता भरून निघत नाही.

यासाठी २००१ साली नियम झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आपले कामही ठरले आहे : बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही, अधिकृत संकलकाकडेच द्यायची. टीव्ही, मोबाइल, संगणकासाठी १ एप्रिल २०२३ पासून वेगळे नियम लागू आहेत.

तेव्हा एवढे करा. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्या. वजावट बिलावर लिहून घ्या. तोवर ती छपराखाली, उभी, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. शिवारात बॅटऱ्या फोडण्याचा धंदा दिसला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे.

भंगारवाला थोडे जास्त देईलही. पण विहीर आपली आहे, पोरेही आपलीच.