मुक्काम ठरवा, मग गाडी

निवृत्त झाल्यावर ओहायोतलं घर विकून कायमचं गाडीतच राहायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं तेव्हा ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला, ‘‘कायमचं राहायचंय ना, मग मोठीच घ्या.’’ सल्ला मनापासूनचा होता. पण काही वर्षं चाकांवरच्या घरात काढल्यावर मी ठामपणे सांगते, की गाडी मोठी की छोटी हा नंतरचा प्रश्न. एका जागी तुम्ही किती दिवस मुक्काम करणार, हे आधी ठरवायला हवं.

अमेरिकेत अशा गाड्यांना सरसकट आरव्ही म्हणतात. त्यातलं ‘क्लास ए’ म्हणजे बसएवढं मोटरहोम, साधारण 26 ते 45 फूट लांबीचं. ‘क्लास बी’ म्हणजे फोर्ड ट्रान्झिट किंवा मर्सिडीज स्प्रिंटरसारख्या व्हॅनच्या पोटात बसवलेलं घर, साधारण 18 ते 24 फुटांचं. या दोन्हींच्या मधली ती ‘क्लास सी’. तिच्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग असतो. मोठ्या गाडीत बटण दाबलं की सोफ्यासकट भिंत बाहेर सरकते आणि बसायची जागा दोन-तीन फुटांनी रुंद होते. विक्रेत्याच्या आवारात हे पाहून भुरळ पडतेच.

रोजचं जगणं मात्र ठरतं ते टाक्यांवर. आमच्या व्हॅनमध्ये सुमारे 90 लिटर पाणी मावतं. दोघांचा स्वयंपाक, भांडी आणि बेताची आंघोळ धरली तर ते तीन-चार दिवस पुरतं. मोठ्या मोटरहोममध्ये 300 लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी राहतं. सांडपाण्याची टाकी वेगळी आणि संडासाची वेगळी. आमच्याकडे संडासाखाली सुमारे 20 लिटरची पेटी आहे. चाकांच्या बॅगेसारखी ती ओढत न्यायची आणि रिकामी करायची. दोघांत हे काम दर दोन-तीन दिवसांनी येतंच. मोठ्या गाडीची टाकी बरेच दिवस भरत नाही, पण भरली की अख्खं घर आवरून, बाहेर काढलेल्या भिंती आत घेऊन, गाडी मैला आणि सांडपाणी सोडायच्या ठिकाणापर्यंत न्यावी लागते.

पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी मोकळ्या जमिनींवर फुकट मुक्काम करता येतो. बहुतेक ठिकाणी मर्यादा 14 दिवसांची. मोठी गाडी हा पंधरवडा आरामात काढते. आम्हाला मध्येच पाण्यासाठी गावात जावं लागतं. एका जागी रुळायला आवडणाऱ्याला ही ये-जा लवकरच जाचक वाटू लागते.

फिरस्त्याचं गणित उलटं. ग्लेशियर नॅशनल पार्कमधला ‘गोइंग-टू-द-सन’ हा डोंगरातला रस्ता घ्या. त्याच्या उंचावरच्या भागात 21 फुटांहून लांब किंवा आरसे धरून 8 फुटांहून रुंद गाडीला मनाई आहे. म्हणजे छोटी व्हॅनसुद्धा आरशांसकट मोजूनच न्यायची. झायन नॅशनल पार्कमधला 1930 साली खुला झालेला बोगदा त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. उंच, रुंद गाड्या त्यात आपल्या लेनमध्ये मावत नाहीत. म्हणून मोठ्या गाडीचे मालक मागे एक छोटी मोटार बांधून हिंडतात. घर तळावर उभं करायचं आणि मोटारीने भटकायचं. मुक्काम लांब असेल तर ही सोय उत्तम. रोज गाव बदलणाऱ्याला मात्र ते सोडणं-जोडणं नकोसं होतं. इंधनाचंही तसंच. क्लास ए लिटरला तीन-चार किलोमीटर चालते, व्हॅन सहा ते आठ. महिनाभर हलणारच नसाल तर हा फरक किरकोळ. रोज हलणार असाल तर तोच बजेट ठरवतो.

आता आपल्या मराठी स्वयंपाकाबद्दल, कारण विक्रेता हे सांगणार नाही. व्हॅनमध्ये शेगडी आणि अंथरूण यांत सहा फुटांचंही अंतर नसतं. लसणाची फोडणी दिली की उशीच्या अभ्र्याला दोन दिवस वास राहतो, आणि मिरची तडतडली की धुराचा अलार्म वाजतो. म्हणून मी छपरावरचा पंखा आधी सुरू करते, आणि हवा बरी असेल तर फोडणी बाहेर छोट्या शेगडीवरच देते. थंडीत वासापेक्षा वाफ जास्त त्रास देते. कुकरची वाफ, शिवाय गॅस जळताना तयार होणारं बाष्प, सगळं थंड काचांवर आणि गादीखाली पाणी होऊन बसतं. गादीखाली हवा खेळेल अशी फळ्यांची रचना नसेल तर बुरशी धरते. मोठ्या गाडीतही ओल येते, पण झोपायची खोली निराळी असल्याने निदान फोडणी अंथरुणापर्यंत पोचत नाही.

आणि पावसाचा दिवस! एकाने उठायचं तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. मोठ्या गाडीत मधलं दार लावून घेता येतं. आमच्या परिचयातलं एक मराठी जोडपं अख्खा हिवाळा अॅरिझोनात एकाच तळावर काढतं. तो दिवसभर ऑनलाइन काम करतो, ती गाण्याचे वर्ग घेते. त्यांना ते दार हवंच, आणि त्यांनी मोठी गाडी घेतली हे योग्यच केलं. आम्हाला आठवडाभरात पुढचा डोंगर खुणावू लागतो, म्हणून आमची व्हॅन. त्याची किंमत आम्ही कपड्यांत, पुस्तकांत आणि एकांतात मोजतो, आणि ती आम्हाला मान्य आहे.

गाडी बघायला जाल तेव्हा दोघांनी मिळून जा आणि आत आपला रोजचा दिवस करून बघा. एकाने चहा करायला उभं राहायचं, दुसऱ्याने न्हाणीघरात जायचं. संडासाचं दार लावून बसा. पलंगावर आडवे होऊन कूस बदला. मोठी गाडी असेल तर भिंती आत घ्यायला लावा आणि तशा अवस्थेत फ्रीज आणि संडास गाठता येतो का पाहा. प्रवासात दुपारचं जेवण त्याच अवस्थेत होणार असतं. दुरुस्तीचंही विचारा. गाडी गॅरेजमध्ये गेली की घरही जातं. व्हॅनचं इंजिन पाहणारा मेकॅनिक बहुतेक गावांत मिळतो. मोठ्या गाडीसाठी ट्रकचं गॅरेज शोधावं लागतं.

विकत घेण्याआधी दोन्ही प्रकारच्या गाड्या भाड्याने घेऊन राहा, आणि तेही मुद्दाम नोव्हेंबरच्या थंडीपावसात. मग एकमेकांना विचारा, पुढच्या गावाला कधी निघायचं? ‘‘उद्या’’ म्हणालात तर छोटी घ्या. ‘‘राहू की अजून थोडे दिवस’’ म्हणालात तर मोठी. आणि दोघांची उत्तरं वेगळी आली, तर गाडी घेण्याची घाई करू नका. आधी ते बोलून घ्या.