दोन सेकंदांचा व्हॉल्व्ह

भिवंडीच्या निजामपुऱ्यात कॉम्प्रेसर म्हटलं की पंक्चरच्या दुकानातली टाकी आणि तिच्यावर खडखडणारा पिस्टन डोळ्यांपुढे येतो. पिस्टन हवा सिलिंडरात कोंडून दाबतो. तिला मागे फिरायला वाटच नसते. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात वाफेच्या टर्बाइनवर चालणारे कॉम्प्रेसर मात्र वायू कोंडत नाहीत, भिरकावतात. मिनिटाला हजारो फेरे घेणारे इंपेलर वायूला वेग देतात आणि त्या वेगाचा पुढे दाब होतो. प्रवाह ठरावीक मर्यादेखाली घसरला की दाबलेला वायू उलटा धावतो. हाच सर्ज.

थळचा कारखाना राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा. फर्टिलायझर कॉर्पोरेशनच्या फेररचनेतून १९७८ साली ही कंपनी झाली आणि बॉम्बे हायच्या वायूवर अमोनिया व युरिया करणारा हा प्रकल्प १९८०च्या दशकाच्या मध्यात सुरू झाला. अशा कारखान्यांतल्या कामगारांच्या तोंडी ‘मशीन सर्ज झाली’ हे वाक्य येतं तेव्हा आवाज बदललेला असतो.

कारण सगळं क्षणात घडतं. वायू मागे फिरतो, दाब उतरतो, प्रवाह पुन्हा पुढे जातो, दाब चढतो, पुन्हा कोसळतो. दर सेकंद-दोन सेकंदाला एक धडाका. अक्षावरचा जोर उलटसुलट होतो, थ्रस्ट बेअरिंग मार खातं, लॅबिरिंथ सील घासतात. टर्बाइनची त्यात भर पडते. वायू उलटला की भार नाहीसा होतो आणि फेरे एकदम वाढतात. फेरे सांभाळणारा गव्हर्नर वाफ कमी करतो. तेवढ्यात भार परततो आणि फेरे पडतात. फेरे पडले म्हणजे मशीन पुन्हा सर्जकडे सरकली.

अमोनियाच्या कारखान्यात याहून चिवट गुंता आहे. संश्लेषण वायूत तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन. सरासरी रेणूभार साडेआठच्या आसपास. नायट्रोजन येतो हवेच्या कॉम्प्रेसरकडून. तो अडखळला की मिश्रण हलकं होतं, आणि हलक्या वायूला तेवढ्याच फेऱ्यांत तेवढा दाब देता येत नाही. एका मशीनचं दुखणं असं दुसरीच्या अंगावर येतं.

इलाज एका व्हॉल्व्हचा. पॅनलवरच्या ऑपरेटरला पडद्यावर एक रेघ आणि एक ठिपका दिसतो. रेघ सर्जच्या सीमेपासून बहुधा दहा टक्के अलीकडे आखलेली. ठिपका म्हणजे चालती मशीन. ठिपका रेघेला टेकला की अँटीसर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि डिस्चार्जचा, म्हणजे दाबून बाहेर पडलेला, वायू कूलरमधून थंड होऊन सक्शनला, म्हणजे मशीनच्या तोंडाशी, परततो. हवा फुकटची असल्यामुळे हवेच्या कॉम्प्रेसरवर ती सरळ आकाशात सोडता येते. हा व्हॉल्व्ह साधारण दोन सेकंदांत पूर्ण उघडावा लागतो, मिटताना मात्र सावकाश; घाईनं मिटला तर मशीन परत त्याच काठावर. व्हॉल्व्ह हलवणारी इन्स्ट्रुमेंटची हवा गेलीच तर स्प्रिंग त्याला उघडतं. या नियंत्रणासाठीच नऊम स्तारोसेल्स्की यांनी १९७४ साली अमेरिकेत कॉम्प्रेसर कंट्रोल्स कॉर्पोरेशन काढली. सर्ज जाणवल्यावर धावण्यात अर्थ नाही, ठिपका रेघेकडे किती वेगानं निघालाय ते बघून रेघच आधी पुढे सरकवायची, हा त्यातला एक डाव.

पण व्हॉल्व्ह उघडा राहिला की दाबलेला वायू वाया फिरतो आणि टर्बाइन त्यासाठी वाफ पितं. २०१५च्या नव्या युरिया धोरणानं कारखान्यांना टनामागच्या ऊर्जेचे निकष लावले आहेत. त्यामुळे दहा टक्क्यांची ती राखीव जागा हिशेबनिसाच्या डोळ्यांत सलते. ऑपरेटरनं व्हॉल्व्ह मॅन्युअलवर घेऊन मिटून ठेवावा, असा मोह तिथूनच होतो.

शिवाय रेघ आखली ती मशीन नवी असताना. इंपेलरवर मळ साचला, सील झिजले की सर्जची खरी सीमा सरकते, पडद्यावरची तशीच राहते. प्रवाह मोजणाऱ्या बारीक नळ्या, इंपल्स लाइन, तुंबल्या तर ठिपकाही खोटा. महिनोन्महिने मिटून बसलेला व्हॉल्व्ह वेळेवर चिकटतो, आणि त्याचा पूर्ण स्ट्रोक शटडाउनशिवाय तपासायला कुणी धजावत नाही.

ट्रिपच्या वेळी, म्हणजे मशीन एकाएकी बंद पडते तेव्हा, तर दोन सेकंदही जास्त ठरू शकतात. टर्बाइनची वाफ तुटते, फेरे झपाट्यानं पडतात. डिस्चार्ज आणि वायू मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह यांमधली पाइप लांबलचक असेल तर तिच्यातला साठलेला वायू रिता होण्याआधीच मागे उसळतो. त्यावर उपाय कूलरच्या आधीच वायू वळवणारा दुसरा, गरम बायपास व्हॉल्व्ह. जुन्या कारखान्यात तो बसवायचा तर उच्च दाबाची पाइप कापावी लागते, नवं वेल्डिंग तपासावं लागतं, आणि तेवढे दिवस युरियाचं उत्पादन बंद.