उन्हाळ्यातील फळमाश्या व त्यांचे गृहांतर्गत नियंत्रण : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

'फळमाशी' हे नाव मराठीत दोन भिन्न कुलांतील कीटकांस दिले जाते. नियंत्रणाचे पुष्कळसे प्रयत्न या नामसाम्यामुळेच व्यर्थ जातात. टेफ्रिटिडी कुलातील बॅक्ट्रोसेरा डोर्सालिस ही बागेतील माशी होय. ती झाडावरील धड आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. याउलट घरात ज्यांस आपण चिलटे म्हणतो, त्या ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर, ड्रोसोफिला अनानासी इत्यादी जाती ड्रोसोफिलिडी कुलातील असून, त्या आंबू लागलेल्या फळाकडे आकृष्ट होतात. त्यांच्या अळ्यांचे मुख्य अन्न फळावर वाढणारे यीस्ट हे होय.

पुसा येथे एफ. एम. हॉवलेट यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले की, मिथिल युजेनॉलकडे बागेतील माशीचे नर ओढले जातात. कोकणातील आंबाबागांत टांगले जाणारे सापळे याच तत्त्वावर आधारलेले आहेत. स्वयंपाकघरातील चिलटांवर मात्र त्यांचा उपयोग होत नाही.

मेलॅनोगास्टरचे जीवनचक्र २५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे १० दिवसांत पुरे होते. अंड्यातून एका दिवसात अळी बाहेर पडते, चार-पाच दिवसांनी ती कोशावस्थेत जाते व पुढील चार-पाच दिवसांत माशी बाहेर येते. सतत ३० अंशांवर वाढविलेले या जातीचे नर वंध्य होतात. मग मे महिन्यातील ठाणे-कल्याणच्या उकाड्यात चिलटे टिकतात कशी? अनानासीसारखी उष्णप्रदेशीय जात अधिक उष्णता सोसते, हे एक कारण. आणि मोरी, ओले पोतेरे, माठाखालील जागा ही स्थाने बाष्पीभवनामुळे थंड राहतात, हे दुसरे.

या परिसरातील बैठ्या घरांत व सदनिकांत पेंढ्यातील आंब्याची अढी बहुधा पलंगाखाली असते. तळाशी नासलेला एकच आंबा शेकडो अळ्यांस पुरतो. कांदे-बटाट्यांच्या टोपलीतील सडका बटाटा व ओल्या कचऱ्याच्या बादलीच्या बुडाशी साचलेला चिकट थर यांचीही गणना येथेच करावी. घंटागाडीत कचरा रोज गेला, तरी हा थर न धुतल्यास चक्र खंडित होत नाही.

यावरून उपाय स्पष्ट होतात. अढी एक दिवसाआड उलथून नासके फळ काढावे; पिकलेली फळे शीतपेटीत किंवा मलमलीखाली ठेवावीत; बादली व मोरी उकळत्या पाण्याने धुवावी. वाटीत व्हिनेगर घेऊन त्यात साबणाचे दोन थेंब टाकल्यास पृष्ठताण कमी होऊन माश्या बुडतात. तथापि हा सापळा मुख्यतः मोजमापाचे साधन समजावा : दहा-बारा दिवसांनंतरही त्यात माश्या सापडत राहिल्यास एखादे प्रजननस्थान दृष्टीआड राहिले आहे, असे जाणावे.

आंबा कापताना अळ्या आढळल्यास तो कुंडीत टाकू नये. बागेतील माशीची अळी मातीतच कोश करते. म्हणून असे फळ पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावे व मगच टाकावे.

फवारणीने उडत्या माश्या मरतात. फळाच्या गरातील अळ्या बहुतांशी सुरक्षित राहतात. शिवाय ड्रोसोफिलात डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्ध आनुवंशिक प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे सिद्ध झाले आहे. ज्या ओट्यावर अन्न शिजते, तेथे विष शिंपडून एवढेच पदरी पडत असेल, तर अळीचे अन्न तोडणे हाच शास्त्रशुद्ध व निर्धोक मार्ग ठरतो.