चेनसॉचा वेग मोजूनच पाहा

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने कोकणात आंबा, नारळाची झाडे आडवी केली, तेव्हा ती तोडून बाग मोकळी करण्यासाठी चेनसॉचे महत्त्व साऱ्यांना पटले. सायलेन्सर मोकळा केला की हे यंत्र दुप्पट कापते, असे कोणी सांगितल्यास पैसे मोजण्यापूर्वी वेळ मोजावा.

मूळ व बदललेले यंत्र एकाच बिनगाठीच्या ओंडक्यावर आळीपाळीने चालवावे. ओंडक्याची जाडी सारखी हवी. २० सें.मी.ऐवजी २२ सें.मी. जाडी असल्यास सुमारे २१ टक्के जास्त लाकूड कापावे लागते आणि निकाल तेवढ्यानेच फिरतो! इंजिन गरम झाल्यावर, यंत्रावर जोर न देता प्रत्येकी पाच काप घ्यावेत व सरासरी काढावी. दोन्ही यंत्रांना शक्यतो तीच चेन लावावी. पुष्कळदा बदलाबरोबर नवी चेन बसविली जाते व श्रेय मात्र सायलेन्सरला मिळते. चेनमधून पिठासारखा भुसा पडू लागला की ती बोथट झाली असे समजावे आणि आधी कानस फिरवावी.

सायलेन्सर मोकळा केल्यावर कार्ब्युरेटर पुन्हा जुळविला नाही, तर इंजिनात हवा जास्त व पेट्रोल-ऑईल कमी जाते. पिस्टन तापून जाम होतो. दातांपुढील खुंट कंपनीच्या मापापेक्षा जास्त घासू नयेत. करवत उसळून अंगावर येते. चाचणीच्या वेळीही चष्मा, बूट व कानांना संरक्षण असावे.